शिक्का मारायच्या आधी

"मॅडम, राष्ट्रपती म्हणजे तुमच्यासारखंच की. कागद आला, शिक्का मारला."

माझा ज्युनिअर हे बोलला तेव्हा आम्ही कोर्टाबाहेरच्या टपरीवर चहा घेत होतो. २०२५ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. विधेयकांवर सही करायला राष्ट्रपतींना आणि राज्यपालांना मुदत घालून देता येते का, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २० तारखेला मत दिलं होतं आणि बाररूममध्ये दोन दिवस तोच विषय चालू होता. पोरगा गुणी आहे, ड्राफ्टिंग नेटकं करतो, त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण मला ते लागलं. तिथल्या तिथे धड उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहायला बसले.

मी जळगावच्या कोर्टात सत्तावीस वर्षं वकिली करते आणि त्यातली सोळा वर्षं नोटरी आहे. एक टेबल, त्यावर जाड रजिस्टर, गोल शिक्का, जांभळ्या शाईचं पॅड, नोटरीची तिकिटं, लाल सीलांचं पाकीट, आणि अंगठ्याची शाई पुसायला एक जुना रुमाल. दिवसातून पाच-दहा वेळा तरी ऐकते, "ताई, नुसता शिक्का तर मारायचाय."

या "नुसता"शी माझं भांडण आहे.

कागदात लिहिलेलं खरं आहे, असं नोटरी सांगत नसते. लोकांचा तसा समज असतो. मी एवढंच सांगते की या नावाचा माणूस आज माझ्यासमोर आला, मी त्याची ओळख पटवून घेतली, कागदात काय लिहिलंय ते त्याला कळलंय का हे विचारलं, आणि त्याने माझ्या डोळ्यांदेखत सही केली. कागद त्याचा, निर्णयही त्याचा. तो निर्णय खरोखर त्याचाच आहे, एवढ्याची साक्ष माझी. एखादा माणूस स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतोय हे दिसत असलं तरी मला तो कागद फाडता येत नाही. विचारता मात्र येतं.

राष्ट्रपतिपदाकडे मी याच टेबलावरून बघते.

४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडला, तेव्हा राष्ट्रपतींची जागा समजावून सांगताना त्यांनी मोहरेचीच उपमा दिली होती. राष्ट्रपती राज्याचे प्रमुख आहेत, कारभाराचे नाहीत. ते राष्ट्राचं प्रतिनिधित्व करतात, राष्ट्रावर राज्य करत नाहीत. राष्ट्राचे निर्णय ज्या मोहरेने जाहीर होतात, त्या मोहरेसारखं त्यांचं स्थान आहे. कॉलेजात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं होतं, केवढ्या मोठ्या पदाला बाबासाहेबांनी किती लहान करून ठेवलं. नोटरी झाल्यावर पुन्हा वाचलं तेव्हा कळलं, मोहोर ही लहान गोष्ट नाही.

आपल्या भाषेत तर यासाठी शब्दच आहे, शिक्कामोर्तब. आपण तो एका दमात बोलतो, पण त्यात दोन वेगळ्या वस्तू आहेत. शिवकाळातल्या पत्रांवर वर शिक्का असायचा आणि मजकूर संपला की खाली मोर्तब. महाराजांच्या मोर्तबावर अक्षरं होती "मर्यादेयं विराजते". पत्राची मर्यादा इथे संपली. याच्या खाली कुणी एक ओळ जरी घुसवली तरी ती खोटी. कागद कुणाचा आहे हे शिक्का सांगतो आणि कुठवर आहे हे मोर्तब सांगतं. मजकुराशी मोर्तब करणारा सहमत आहे की नाही, हा प्रश्न तिथे येतच नाही.

घटनेत लिहिलेलं वाचलं तर राष्ट्रपतींच्या हाती सगळंच आहे. कलम ५३ म्हणतं, केंद्राची कार्यकारी सत्ता त्यांच्या ठायी. सैन्यदलांचे सरसेनापती ते. पंतप्रधान ते नेमतात, संसद ते बोलावतात, लोकसभा ते विसर्जित करतात, वटहुकूम ते काढतात. मग येतं कलम ७४, पंतप्रधानांच्या नेतृत्वाखालचं मंत्रिमंडळ राष्ट्रपतींना सल्ला देईल. हा सल्ला मानलाच पाहिजे असं १९५० च्या घटनेत स्पष्ट लिहिलेलं नव्हतं, आणि खुद्द पहिल्या राष्ट्रपतींना, राजेंद्रबाबूंना, याची रुखरुख होती. १९५१ मध्ये हिंदू कोड बिलावरून त्यांचा आणि नेहरूंचा पत्रव्यवहार झाला. ॲटर्नी जनरल सेटलवाडांनी मत दिलं की राष्ट्रपती सल्ल्याने बांधलेले आहेत. राजेंद्रबाबूंना ते मनातून पटलं नसावं, कारण १९६० मध्ये दिल्लीत इंडियन लॉ इन्स्टिट्यूटच्या कार्यक्रमात त्यांनी जाहीरपणे सांगितलं की राष्ट्रपतींच्या अधिकारांचा अभ्यास व्हायला हवा. १९७४ मध्ये शमशेर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी विषय मिटवला, आणि १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने तर सल्ल्यानुसारच वागायचं असं घटनेतच लिहून टाकलं.

इथवर आलं की लोक वही मिटतात. सल्ला बंधनकारक, म्हणजे रबर स्टॅम्प. मला मात्र खरा प्रश्न इथून पुढे दिसतो. सल्ला मंत्रिमंडळाचा आहे, हे ठरवायचं कुणी?

२५ जून १९७५ ची रात्र घ्या. आणीबाणीच्या घोषणेचा कागद राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांच्याकडे गेला. सोबत पंतप्रधान इंदिरा गांधींचं पत्र होतं. त्या पत्राचा आशय पुढे आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालातून सगळ्यांना कळला. इंदिराजींनी लिहिलं होतं: हा विषय मंत्रिमंडळापुढे न्यायला मला आवडलं असतं, पण आज रात्री ते शक्य नाही. म्हणून १९६१ च्या कामकाज नियमावलीतल्या नियम १२ खालचा माझा अधिकार वापरून मी मंत्रिमंडळाच्या मंजुरीच्या अटीतून सूट देत आहे. उद्या सकाळी पहिल्यांदा मंत्रिमंडळाला सांगेन. राष्ट्रपतींनी सही केली. मंत्र्यांना सकाळी सहाच्या सुमारास बोलावून कळवण्यात आलं. देश एकवीस महिने आणीबाणीत गेला, आणि ज्यांचा सल्ला म्हणून ती लागू झाली त्या मंत्र्यांना ती झाल्यावर कळली.

माझ्याकडे असा कागद आला असता तर मी काय म्हटलं असतं? "पक्षकार कुठे आहे?"

हे मी फार तोऱ्यात लिहू शकत नाही, कारण माझ्याकडून एकदा हा प्रश्न राहून गेलेला आहे. २०११ चा मार्च होता, संध्याकाळचे पावणेसहा. ओळखीच्या एका वकिलांनी एक संमतीपत्र पाठवलं, सही आधीच झालेली. बाई बाहेरगावी निघाल्यात, गाडीची वेळ झालीय, सही त्यांचीच आहे, मी ओळखतो. मी विश्वास ठेवला. रजिस्टरला नोंद घेतली, शिक्का मारला, सील लावलं. तीन वर्षांनी त्या कागदावरून दावा उभा राहिला आणि मला साक्षीला बोलावलं. ज्या कोर्टात मी रोज काळा कोट घालून उभी राहते, तिथेच पिंजऱ्यात उभी राहिले. समोरच्या वकिलांनी एकच प्रश्न विचारला, "सही तुमच्यासमोर झाली का?"

मी "नाही" म्हटलं. दुसरं काही म्हणता येण्यासारखं नव्हतं. न्यायाधीशांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली बघून लिहायला लागले. सही खरी होती की खोटी यावर पुढे बराच काथ्याकूट झाला, पण माझ्यापुरता निकाल त्या दोन अक्षरांतच लागला होता. त्या दिवसापासून मी रजिस्टरच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला तो प्रश्न लिहून ठेवलाय.

१९७५ मध्ये कुणी राष्ट्रपतींना असं पिंजऱ्यात उभं केलं नाही, करताही येत नाही. पण घटनेने धडा घेतला. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने कलम ३५२ मध्ये अट घातली की मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर करायची नाही. म्हणजे पक्षकाराला समोर आणा. नियम १२ चं दार तिथे बंद झालं. त्याच दुरुस्तीने कलम ७४ ला आणखी एक वाक्य जोडलं. दिलेल्या सल्ल्याचा फेरविचार करा, असं राष्ट्रपती मंत्रिमंडळाला सांगू शकतात. फेरविचारानंतर जो सल्ला येईल तो मानावा लागतो. विधेयकांच्या बाबतीत कलम १११ मध्ये हे आधीपासून होतं. अर्थविधेयक सोडून बाकीचं विधेयक एकदा परत पाठवता येतं, तेच पुन्हा मंजूर होऊन आलं तर संमती द्यावी लागते.

एकदा परत पाठवायचा अधिकार. ऐकायला किरकोळ वाटतो. पण ज्याने कधी कुणाला परत पाठवलंय त्याला विचारा.

दोन उन्हाळ्यांपूर्वी चोपडा तालुक्यातला एक माणूस आईचं मुखत्यारपत्र घेऊन आला. शेतीच्या व्यवहाराचे सगळे अधिकार मुलाला. आईचा अंगठा आधीच उठवलेला. मी म्हटलं, आईला आणा. तो म्हणाला, ताई, पंचेचाळीस डिग्रीत ऐंशी वर्षांच्या बाईला आणू का? मी म्हटलं, मग तुम्ही म्हणाल त्या दिवशी मी तिकडे येते, पण भेटल्याशिवाय होणार नाही. तो चिडून गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला रिक्षा आवारात येऊन उभी राहिली. आजी खाली उतरू शकत नव्हत्या, तेव्हा रजिस्टर घेऊन मीच रिक्षात त्यांच्या शेजारी बसले. मुलाला सांगितलं, जरा चहा सांगून या. तो गेल्यावर विचारलं, "आजी, या कागदात काय आहे ठाऊक आहे का?"

"वावर इकाले दिलंय त्याले," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला पटतंय?"

त्या बराच वेळ बाहेरच्या कडुनिंबाकडे बघत राहिल्या. हातातली पिशवी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, "पटाचं काय, बाई. देणंच शे. लाव अंगठा."

मी नवा अंगठा घेतला, बोटाची शाई रुमालाने पुसून दिली, शिक्का मारला. त्या बाईने तसं करू नये असं मला मनापासून वाटत होतं. पण त्या कागदावर माझ्या वाटण्याला जागा नव्हती. जागा होती ती तीन दिवसांना आणि एका प्रश्नाला. त्या वावराचं पुढे काय झालं मला माहीत नाही.

आता राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्याकडे या. ऑक्टोबर १९९७. उत्तर प्रदेशात कल्याणसिंग सरकारने सभागृहात, माइक-खुर्च्यांच्या हाणामारीत का होईना, विश्वासदर्शक ठराव जिंकला होता. तरीही राज्यपालांच्या अहवालावरून गुजराल मंत्रिमंडळाने राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली. नारायणन यांनी ती फेरविचारासाठी परत पाठवली. मंत्रिमंडळ पुन्हा बसलं आणि शिफारस सोडून दिली. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९९८ मध्ये, वाजपेयी सरकारने बिहारसाठी तीच शिफारस केली. नारायणन यांनी तीही परत पाठवली. पक्ष वेगळा, राज्य वेगळं, प्रश्न तोच. फेब्रुवारी १९९९ मध्ये सरकारने पुन्हा शिफारस आणली तेव्हा त्यांनी सही केली, करणं भागच होतं. पण राज्यसभेत सरकारकडे संख्या नव्हती, आणि मार्चमध्ये ती राजवट मागे घ्यावी लागली. राष्ट्रपतींनी "नाही" एकदाही म्हटलेलं नाही हे बघा. "पुन्हा एकदा बसून ठरवा आणि मग या," एवढंच म्हटलं.

अब्दुल कलाम यांनी मे २००६ मध्ये लाभाच्या पदांचं विधेयक, म्हणजे कोणती सरकारी पदं धरली तरी खासदारकी जात नाही हे ठरवणारं, संसदेकडे परत पाठवलं. संसदेने ते जसंच्या तसं पुन्हा मंजूर केलं आणि ऑगस्टमध्ये कलामांनी सही केली. वर्तमानपत्रांत तेव्हा कुणाकुणाला यात कलामांची हार दिसली. मला नाही दिसली. लाभाचं पद म्हणजे काय हा रुक्ष विषय तीन महिने चहाच्या टपरीवर बोलला गेला, तो त्या परत पाठवण्यामुळे. याच कलामांनी आदल्या वर्षी, मे २००५ मध्ये, मॉस्कोच्या दौऱ्यावर असताना रातोरात बिहार विधानसभेच्या विसर्जनावर सही केली होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते विसर्जन घटनाबाह्य ठरवलं. तेव्हा सल्ला मंत्रिमंडळाचाच होता, पण घाई त्याहून मोठी होती. रात्री आणि परगावी आलेल्या कागदांची मला तेव्हापासून जास्त धास्ती वाटते.

परत पाठवण्यापेक्षाही एक अवघड हत्यार आहे, कागद नुसता ठेवून घेणं. १९८६ मध्ये संसदेने पोस्ट ऑफिसच्या कायद्यात दुरुस्ती मंजूर केली. सरकारला लोकांची पत्रं अडवण्याचे आणि उघडण्याचे फार मोकळे अधिकार त्यात होते. राष्ट्रपती झैलसिंग यांनी संमतीही दिली नाही आणि परतही पाठवलं नाही. कलम १११ परत पाठवण्याबद्दल "शक्य तितक्या लवकर" म्हणतं, दिवस सांगत नाही. त्यांची राष्ट्रपतिपदाची मुदत संपली, विधेयक तसंच राहिलं, आणि त्याचा कायदा कधी झाला नाही. त्या विधेयकापुरतं बोलायचं तर मी झैलसिंग यांची ऋणी आहे. माझ्या आईची हॉस्टेलवर येणारी निळी अंतर्देशीय पत्रं मी अजून जपून ठेवली आहेत. पण हेच हत्यार उलटही चालतं. आपल्या विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये महिलांवरच्या अत्याचारांविरुद्धचं शक्ती विधेयक मंजूर करून राष्ट्रपतींच्या संमतीसाठी पाठवलं. केंद्रीय कायद्यांना ते छेद देत होतं, त्यामुळे आक्षेप असणारच होते. मग आक्षेप लिहून लवकर परत यायला हवं होतं. ते वर्षानुवर्षं दिल्लीत राहिलं. आमच्याकडे येणाऱ्या बायका विचारायच्या, मॅडम, तो शक्तीचा कायदा झाला ना? दरवेळी "अजून नाही" म्हणताना जीभ जड व्हायची.

म्हणून २०२५ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी तमिळनाडूच्या अडकलेल्या विधेयकांच्या प्रकरणात राष्ट्रपतींना तीन महिन्यांची मुदत घालून दिली तेव्हा मला बरं वाटलं होतं. मे महिन्यात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी न्यायालयाचा सल्ला मागण्याच्या कलम १४३ खाली न्यायालयाला चौदा प्रश्न विचारले. नोव्हेंबरात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने, आपल्या अमरावतीचे सरन्यायाधीश गवई त्याचे प्रमुख होते, सांगितलं की अशी मुदत न्यायालयाला घालता येणार नाही आणि मुदत उलटली म्हणून संमती मिळाली असंही मानता येणार नाही. कायदा म्हणून मला हे पटतं. सही ही ज्याची त्यानेच करायची असते. न झालेली सही झाली असं मी माझ्या रजिस्टरमध्ये कधी लिहिणार नाही. पण मग "शक्य तितक्या लवकर" या शब्दांचा मान राखायची सगळी जबाबदारी सही करणाऱ्यावर येते, हे त्या दिवशी टपरीवर कुणी बोललं नाही.

उशिराची किंमत सगळ्यात कठोरपणे दिसते ती दयेच्या अर्जात. कलम ७२ खाली फाशी माफ करण्याचा अधिकार राष्ट्रपतींचा, आणि तोही सरकारच्या सल्ल्यानेच वापरायचा. कसाबचा अर्ज ५ नोव्हेंबर २०१२ ला फेटाळला गेला आणि २१ तारखेला येरवड्यात फाशी झाली. सगळेच अर्ज असे चालत नाहीत. अर्जावर विनाकारण वर्षानुवर्षं निर्णय न देणं हेच शिक्षा कमी करायला कारण ठरू शकतं, असं २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. आणि पुण्यातल्या २००७ च्या एका बलात्कार-खून प्रकरणात तर राष्ट्रपतींनी २०१७ मध्ये अर्ज फेटाळूनही फाशीची तारीख २०१९ च्या जूनची निघाली. या दिरंगाईमुळे मुंबई उच्च न्यायालयाने दोघांची फाशी रद्द करून पस्तीस वर्षांची कैद दिली. तिथे राष्ट्रपतींची सही झाली होती. खालच्या टेबलांवर कागद पडून राहिला. मी फाशीच्या बाजूने आहे की विरोधात, हा इथे विषय नाही. पण मरणाची तारीख कुणाच्या तरी फायलीत विसरून राहावी, हे कुणाच्याच बाजूचं नाही.

एक जागा मात्र अशी आहे जिथे राष्ट्रपतींना सल्ला द्यायला कुणी नसतं. सरकार पडलेलं असतं आणि नवं ठरवायचं असतं. जुलै १९७९ मध्ये मोरारजींनी राजीनामा दिला तेव्हा राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांनी सरकार बनवता येतं का हे बघायला पहिल्यांदा बोलावलं ते विरोधी पक्षनेत्याला, आपल्या यशवंतराव चव्हाणांना. काही दिवस त्यांनी चाचपणी केली आणि जमत नाही असं सांगितलं. मराठी माणूस पंतप्रधानपदाच्या किती जवळ गेला होता यावर आमच्याकडे अजून तासन्‌तास गप्पा होतात. माझे वडील त्या दिवसांत रेडिओपासून हलत नव्हते. पुढे चरणसिंग पंतप्रधान झाले, लोकसभेला सामोरं न जाताच त्यांनी राजीनामा दिला, आणि रेड्डींनी जगजीवनराम यांना संधी न देता लोकसभा विसर्जित केली. ते बरोबर होतं का? माझ्या मते नाही, एकदा विचारून बघायला हवं होतं. माजी राष्ट्रपती व्यंकटरामन राष्ट्रपतिपदाला आणीबाणीच्या दिव्याची उपमा द्यायचे: वीज गेली की आपोआप लागणारा, आली की विझणारा. उपमा छान आहे, पण त्या दिव्याच्या उजेडात कोण दिसेल हे दिवा कुठे ठेवलाय त्यावरही ठरतं.

आता जळगावकर म्हणून थोडं. २५ जुलै २००७ ला प्रतिभाताईंनी शपथ घेतली तेव्हा आमच्या बाररूममध्ये पेढे वाटले गेले. याच कोर्टात त्यांनी वकिलीची सुरुवात केली होती. देशाची पहिली महिला राष्ट्रपती आमच्या आवारातून गेलेली. शिवसेना तेव्हा भाजपसोबत होती, तरी मराठी उमेदवार म्हणून तिने प्रतिभाताईंना मत दिलं. (१९६९ मध्ये चिंतामणराव देशमुख उभे होते आणि तिसरे आले, ही आठवण त्या दिवशी एका ज्येष्ठ वकिलांनी काढली होती.) त्या संध्याकाळी मी माझ्या पुतणीला राष्ट्रपतींच्या निवडणुकीतल्या मताचं गणित शिकवलं. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख १२ हजार २३५. तिला २८८ आमदारांनी भागायचं, मग हजाराने. येतात १७५. आपल्या प्रत्येक आमदाराच्या मताचं मूल्य १७५, सगळ्यांचं मिळून ५०,४००. गोव्याच्या आमदाराचं २०. तिने पाटीवर दोनदा भागाकार केला आणि विचारलं, "म्हणजे राष्ट्रपतींना सगळ्या राज्यांनी मिळून निवडायचं?"  तिचं बरोबर होतं. पंतप्रधान लोकसभेच्या बहुमतावर उभे असतात; राष्ट्रपतींच्या निवडीत प्रत्येक राज्याच्या विधानसभेचं वजन असतं. म्हणून एखाद्या विधानसभेबद्दलचा कागद समोर आला की त्यांनी जास्त जपून बघावं, ही माझी अपेक्षा आहे.

आणि म्हणूनच २३ नोव्हेंबर २०१९ माझ्या मनातून जात नाही. चौथा शनिवार, कोर्टाला सुट्टी. मी उशिरा उठले होते, चहा ठेवला होता, आणि आठच्या सुमारास ह्यांनी बाहेरून हाक मारली, "अगं, शपथविधी चाललाय." आदल्या रात्री झोपताना महाराष्ट्रात राष्ट्रपती राजवट होती, १२ तारखेपासूनची. सकाळी टीव्हीवर राजभवनात मुख्यमंत्री शपथ घेत होते. मधल्या वेळात काय झालं ते दुपारपर्यंत कळलं. राजवट मागे घेतल्याची अधिसूचना पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी निघाली होती. मंत्रिमंडळाची बैठक झाली नव्हती. पंतप्रधानांनी १९६१ च्या नियमावलीतला नियम १२ वापरला होता, मंत्रिमंडळाची मंजुरी नंतर घ्यायची होती. राष्ट्रपती कोविंद यांनी सही केली होती.

नियम १२. मी वाफाळता कप तसाच ओट्यावर ठेवला. ४४ व्या दुरुस्तीने दार बंद केलं ते फक्त कलम ३५२ चं. राज्यातल्या राष्ट्रपती राजवटीच्या कलम ३५६ ला मंत्रिमंडळाच्या लेखी निर्णयाची अट नाही, त्यामुळे कायद्याने तो कागद चालण्यासारखा होता. आणीबाणीशी त्याची बरोबरी मी करत नाही. तिथे लोक तुरुंगात गेले, इथे राजवट उठत होती. पण राष्ट्रपतींच्या टेबलावर कागद आला तेव्हा पक्षकार पुन्हा एकदा हजर नव्हता.

ज्युनिअरने त्या दिवशी टपरीवर शेवटी विचारलं होतं, "मग मॅडम, राष्ट्रपतींनी करायला काय हवं होतं? नाही म्हणायचं?"

नाही कशाला. बैठक घेऊन या, एवढं म्हणायचं. दिल्लीत हजर असलेले मंत्री बोलावले असते तर नऊ-साडेनऊपर्यंत बैठक आटोपली असती. कागद पुन्हा आला असता आणि राष्ट्रपतींना सही करावीच लागली असती. फरक पडला असता तो चार तासांचा. तोवर मुंबईत आमदार जागे झाले असते, पेपर दारात पडला असता आणि माझा चहा पिऊन झाला असता.